पंधरा हजार सांगितलेली गिटार मी चव्वेचाळीस हजारांना का घेतली

भुसावळच्या रेल्वे वसाहतीजवळच्या एका जुन्या घरात, जेवणाच्या टेबलाशेजारी मेणकापडाखाली झाकून ठेवलेली ती वस्तू मी २०२३ च्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा पाहिली. घरातल्या आंटींनी तिची ओळख ‘हमारे साहब का मशीन’ अशी करून दिली आणि त्याच दमात किंमतही सांगून टाकली, पंधरा हजार. त्यांचे यजमान रेल्वेत गार्ड होते. निवृत्तीनंतर ते काही वर्षे टेक्सासमध्ये मुलाकडे राहिले, तिथे त्यांना या वाद्याचा नाद लागला आणि परत येताना ते त्यांनी सामानातून सोबत आणले. ते गेल्यानंतर चार वर्षांत त्या मेणकापडाला कोणी हात लावला नव्हता. गावातल्या एका माणसाने बारा हजारांना मागितली होती, म्हणून पंधरा सांगितले, असे आंटींनी मला सरळपणे सांगितले.

मेणकापड काढल्यावर खाली पेडल स्टील गिटार होती. दहा तारा, तीन पेडले, गुडघ्याने सरकवायचा एक लिव्हर. खान्देशात असे वाद्य पाहायला मिळेल असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

माझे वडील लग्नाच्या आणि गणपतीच्या ऑर्केस्ट्रात हवाइयन गिटार वाजवीत, आणि त्यांच्याकडूनच मी मांडीवर आडवी गिटार ठेवून, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवून वाजवायला शिकले. हे वाद्य आपल्याकडे परके राहिलेले नाही. हजारा सिंग आणि सुनील गांगुली यांनी त्यावर हिंदी चित्रपटगीते घरोघर पोहोचवली, ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर रागदारी उभी केली आणि तिच्यातूनच घडलेली मोहनवीणा वाजवणाऱ्या विश्वमोहन भट्टांना १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. परंतु कांडीची एक मर्यादा आहे. ती सरकली की तिच्याखालच्या साऱ्या तारा एकदमच वर चढतात किंवा खाली उतरतात. एक स्वर जागेवर धरून ठेवावा आणि त्याच्या शेजारचा स्वर मींडेने पुढे न्यावा, हे सहजी साधत नाही. पेडल स्टीलमध्ये नेमके तेच साधते, कारण पेडल दाबले की कॅबिनेटखालच्या दांड्या ठरावीक तारांनाच ताण देतात आणि बाकीच्या तारा जिथल्या तिथे राहतात.

या वाद्याच्या तारा लावण्याची सर्वांत प्रचलित पद्धत ई-नाइन्थ नावाची आहे. ई हा पाश्चात्त्य स्वर षड्ज धरला तर पहिल्या तारेपासून दहावीपर्यंत स्वर असे येतात: रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. आपल्या सवयीप्रमाणे तारा खालून वर चढत जात नाहीत, वरच्या दोन तारा मध्येच घुसवलेल्या आहेत, आणि नव्या माणसाची पहिली फजिती तिथेच होते. पहिले पेडल प चा ध करते, दुसरे ग चा म करते. दोन्ही एकदम दाबली की सा-ग-प चे सा-म-ध होते, आणि हे होत असताना सा जागचा हलत नाही. तिसरे पेडल चौथ्या तारेवरील सा चा रे आणि पाचव्या तारेवरील प चा ध करते. गुडघ्याच्या लिव्हरांपैकी दोन तर अत्यावश्यक मानले जातात. त्यांपैकी एक सा ला शुद्ध नी पर्यंत उतरवतो आणि दुसरा सा ला कोमल रे पर्यंत चढवतो. हा दुसरा लिव्हर पहिल्या पेडलसोबत वापरला की मूळचीच स्वरसंगती तीन पडदे (मानेवरच्या अर्ध्या-अर्ध्या स्वराच्या खुणा) वर सापडते, आणि पहिली दोन पेडले दाबून तीच सातव्या पडद्यावरही मिळते. एकच स्वरसंगती तीन ठिकाणी मिळते आणि वादक त्या तीन जागांमध्ये ये-जा करीत राहतो. या वाद्याचा सारा खेळ त्या ये-जा करण्यात आहे.

भुसावळच्या गिटारीला यांपैकी फक्त सा चा नी करणारा लिव्हर होता. म्हणजे तिसऱ्या पडद्यावरचे दार बंद. किंमत ठरवताना ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरणार होती, ती कशी ते पुढे येईलच.

त्याआधी दोन वर्षे मी हे वाद्य शोधत होते. जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत ‘स्टील गिटार’ असे शोधले की पोलादी तारांच्या साध्या अकूस्टिक गिटारी समोर येत आणि ‘पेडल’ जोडून शोधले की इलेक्ट्रिक गिटारीचा आवाज बदलणारी पायाखालची खोकी येत. एकदा पुण्याच्या जाहिरातीतील छायाचित्रात चार पायांवर उभे असलेले वाद्य दिसले म्हणून मी मोठ्या आशेने फोन केला. चौकशी केल्यावर ती बिनपेडलची कॉन्सोल स्टील निघाली. ते चांगले वाद्य असते, पण वेगळे असते, आणि पेडल स्टीलच्या भावाने ते कोणी घेऊ नये.

दुसरा मार्ग अमेरिकेतून मागवण्याचा होता. माझा पुतण्या तिकडे आहे आणि दिवाळीला येणार होता, म्हणून मी वहीत हिशेब मांडला होता. शिकाऊ माणसासाठी तीन पेडले आणि चार लिव्हर असलेली वापरलेली गिटार तिकडे साधारण हजार ते दीड हजार डॉलरांत मिळते. बाराशे धरले तर तेव्हाच्या ब्याऐंशी रुपयांच्या दराने ९८,४०० रुपये होतात. प्रवाशाच्या सामानावर त्या वेळी पन्नास हजारांपर्यंत सूट होती आणि त्यावरच्या रकमेला ३८.५ टक्के सीमाशुल्क लागत असे, म्हणजे आणखी सुमारे साडेअठरा हजार. वर विमानाच्या एका बॅगेला तेवीस किलोंची मर्यादा, त्यामुळे पाय आणि पेडलांची पट्टी वेगळ्या बॅगेत. एकूण खर्च एक लाख सतरा हजारांच्या घरात जात होता आणि वाद्य हाताने न तपासता घ्यावे लागणार होते, ही गोष्ट मला पैशांपेक्षाही जास्त खटकत होती.

आमचे आजोबा सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला जात, तेव्हा दात पाहून झाले तरी घोडा चालवून, वळवून आणि थांबवून पाहिल्याशिवाय भावाची गोष्ट काढत नसत. पेडल स्टीलचेही तसेच आहे. वरून लाकूड कितीही चमकत असले तरी तिची खरी किंमत पोटाखाली असते. म्हणून पहिल्या दिवशी मी आंटींना भावाबद्दल काहीच बोलले नाही. पुढच्या रविवारी स्वर मोजणारा ट्यूनर, टॉर्च, दोन सुट्या तारा आणि आमच्या गल्लीतले टर्नर भाऊ यांना घेऊन मी सकाळच्या गाडीने पुन्हा गेले. सकाळ मुद्दाम निवडली, कारण एप्रिलच्या दुपारी भुसावळच्या उन्हात पोलादी तार तापून प्रसरण पावते आणि स्वर उतरतो, मग दोष यंत्राचा की उन्हाचा हे कळत नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते, त्यामुळे एवढी काळजी घेणे मला भागच होते. साडी न नेसता सलवार घालून गेले होते, हेही सांगून ठेवते. निऱ्यांमध्ये गुडघा अडकला की लिव्हर सरकतच नाही, आणि ही अडचण कोणत्याही परदेशी मार्गदर्शकात लिहिलेली नाही.

आम्ही गिटार प्रथम जेवणाच्या टेबलावर उलटी ठेवली. खालचा पसारा पाहून टर्नर भाऊ म्हणाले, “ताई, हाई गिटार शे का शिलाईनं मशीन शे?” आंटी मनापासून हसल्या आणि त्यानंतरचे दोन तास घरातले वातावरण मोकळे झाले. खाली प्रत्येक पेडलसाठी एक आडवी दांडी असते, तिच्यावर बेलक्रँक नावाचे छोटे आकडे बसवलेले असतात आणि त्यांतून निघालेल्या बारीक सळया उजव्या टोकाच्या चेंजरपर्यंत जातात. चेंजर म्हणजे जिथे तार वळते तिथले हलते बोट. पाहायचे ते हे, की सळया सगळ्या आहेत का, कोणी वाकवलेल्या आहेत का, ओतीव धातूच्या आकड्यांना केसासारखे तडे गेले आहेत का. जुन्या विद्यार्थी-मॉडेलांत काही भाग स्वस्त ओतीव धातूचे असतात आणि ते एकदा तडकले की वेल्डिंग घेत नाहीत. टर्नर भाऊंनी प्रत्येक आकडा टॉर्चच्या उजेडात नखाने तपासला आणि सगळे शाबूत निघाले. सळयांच्या टोकांचे दोन नायलॉनचे नट मात्र तडकलेले होते. हे नट ३/१६ इंची पान्याने फिरवून पेडलचा स्वर लावतात, त्यामुळे त्यांना दुर्लक्षून चालत नाही. चेंजरच्या बोटांवर तारांनी पाडलेल्या खाचा बोट फिरवून पाहिल्या, त्या उथळ होत्या. डाव्या टोकाला तारा ज्या रुळांवरून जातात त्यांपैकी सातवा गंजाने अडकला होता, तो तेलाच्या एका थेंबाने सुटला.

मग ती पायांवर उभी करायला गेलो आणि पाय तीनच निघाले. चौथा कुठे गेला हे आंटींना आठवेना. आम्ही त्या कोपऱ्याखाली विटा आणि एक जाड बायबल कोश ठेवून काम भागवले.

तारा लावताना तिसरी तार तुटणारच हे गृहीत धरून मी गेले होते. ती ०.०११ इंच जाडीची, सर्वांत बारीक आणि सर्वांत चढ्या स्वराची तार असते आणि तिच्यावर दुसऱ्या पेडलचा भारही येतो. तिच्या जागी साध्या इलेक्ट्रिक गिटारीची त्याच जाडीची सुटी तार चालते, जी जळगावात मिळते, आणि तीच मी खिशात नेली होती. तार खरोखरच तुटली.

यानंतर ज्या दोन परीक्षा घेतल्या त्या मला सर्वांत विश्वासार्ह वाटतात. पहिली परतीची. प्रत्येक पेडल दाबायचे, सोडायचे आणि तार मूळ स्वरावर परत येते का ते ट्यूनरवर पाहायचे. पाचवी तार ध वर जाऊन आली ती मूळ प पेक्षा सहा सेंट चढी राहिली. शंभर सेंटांचा एक अर्धस्वर होतो, म्हणजे सहा सेंट हा तयार कानाला जाणवणारा फरक आहे. पण तार कांडीने किंचित खाली ढकलली की ती जागेवर येत होती. याचा अर्थ चेंजरमध्ये जुने तेल घट्ट होऊन बसले होते, झीज झालेली नव्हती. सिगारेट लायटरमध्ये भरतात त्या द्रवाने धुऊन हलके तेल दिले की हा दोष जातो. झीज असती तर मी हात जोडून परत आले असते. दुसरी परीक्षा कॅबिनेटच्या वाकण्याची. पहिली दोन पेडले एकत्र दाबली की ताण वाढून लाकडी अंग किंचित वाकते आणि ज्या तारांना पेडल लागू नाही त्याही थोड्या उतरतात. आठव्या तारेवरचा सा चार सेंट उतरला. पाच-सहा सेंटांपर्यंत चालवून घेता येते, दहाच्या पुढे गेले की साथीला बसल्यावर दर वेळी लाज जाते.

पिकअपचा, म्हणजे तारांचा कंप विजेत बदलणाऱ्या भागाचा, आवाज स्वच्छ होता, वायर जोडायचा जॅक मात्र खरखरत होता.

परतीच्या गाडीत मी वही काढली. तीन पेडले आणि एकच लिव्हर असलेली १९७० च्या दशकातली विद्यार्थी-मॉडेले अमेरिकेत चांगल्या स्थितीत असतील तर पाचशे ते आठशे डॉलरांच्या दरम्यान जातात. इथे मागितलेली किंमत धरायची नाही, प्रत्यक्ष विकली गेलेली किंमत धरायची, कारण मागणारा काहीही मागतो. मी सहाशे धरले. नसलेल्या लिव्हरांच्या उणिवेचा हिशेब त्यातच आलेला आहे: तिकडे तीन-चारच्या गिटारीला बाराशे आणि तीन-एकच्या गिटारीला सहाशे मिळतात ते यामुळेच. शिवाय या प्रकारच्या बऱ्याच मॉडेलांत नंतर लिव्हर बसवण्याची सोयच नसते, आणि या गिटारीतही टर्नर भाऊंना तशी जागा सापडली नाही. सहाशे डॉलरांचे ४९,२०० रुपये झाले. त्यातून नव्या पायाचे २,०००, तारांचे दोन संच आणि साफसफाईचे २,५००, नायलॉनचे नट आणि जॅक यांचे १,२०० वजा केले. उरले ४३,५००. आवाज कमी-जास्त करायचे वेगळे व्हॉल्यूम पेडल सोबत नव्हते, त्याचे मी काही कापले नाही, कारण ते गिटारीच्या किमतीत सहसा धरलेलेच नसते. इथे दुरुस्ती करणारा नाही आणि पुढे विकायचे ठरवले तर गिऱ्हाईक मिळणार नाही, हे माझ्या बाजूचे दोन मुद्दे होते. परदेशातून आणण्याचा खर्च, शुल्क आणि धोका वाचतो, हा आंटींच्या बाजूचा मुद्दा होता. मी ते एकमेकांत फेडून टाकले.

माझे यजमान म्हणाले, “त्यांनी पंधरा सांगितले, तू पंधरा दे. फसवले कोणी कोणाला?” हा युक्तिवाद अगदीच चुकीचा नाही, आणि दोन रात्री तो मलाही पटत होता. पण आंटींनी पंधरा हा आकडा बारा मागणाऱ्या माणसावरून काढला होता, गिटारीवरून काढला नव्हता. बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव करतात तेव्हा दोघांनाही बैलाची पारख असते, झाकलेला असतो तो केवळ आकडा. इथे एकालाच पारख होती. शिवाय पुढे त्याच वसाहतीत जाऊन तारा कुठून आणता, साहेबांच्या वह्या कुठे आहेत, असे विचारायला मला तोंड राहिले पाहिजे होते.

म्हणून मी आंटींना फोन करून सांगितले की या गिटारीचे साडेत्रेचाळीस हजार होतात. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारले, “बेटी, तुम्हारा इसमें फायदा क्या है?” जी गिऱ्हाईक स्वतःहून भाव वाढवते तिच्या मनात काहीतरी असलेच पाहिजे, हा त्यांचा संशय मी कितीही बोलले तरी जाईना. शेवटी त्या म्हणाल्या की मुलाला विचारते.

मुलाने इंटरनेटवर पाहिले आणि दीड लाख सांगितले. त्याने पाहिलेली किंमत दोन मानेच्या, आठ पेडलांच्या व्यावसायिक गिटारीची होती. अशा गिटारीला एका मानेवर ई-नाइन्थ आणि दुसरीवर सी-सिक्स्थ लावतात, आणि तिला खरोखरच तेवढा पैसा पडतो. त्याला वाटले मी त्याच्या आईला लुबाडते आहे, आणि पंधराचे साडेत्रेचाळीस केल्यावर हे ऐकून घेणे मला जड गेले. यजमानांनी त्या संध्याकाळी काहीही न बोलण्याचा मोठेपणा दाखवला.

मी त्याला गिटारीच्या पोटाची छायाचित्रे पाठवली, वहीतला हिशेब जसाच्या तसा पाठवला आणि लिहिले की तुम्ही राहता तिथल्याच एखाद्या पेडल स्टील वादकाला हे दाखवा, तो सहाशे डॉलरांच्या वर सांगेल तर मी त्याचा आकडा मान्य करीन. तीन आठवडे उत्तर आले नाही. मे महिना सरत आला, पारा पंचेचाळिशीपाशी गेला आणि ते लाकूड त्या पत्र्याखालच्या खोलीत कसे असेल या विचाराने मीच अस्वस्थ होते. मग एका सकाळी संदेश आला की त्याने ओळखीच्या दोघांना विचारले, एकाने साडेपाचशे सांगितले आणि दुसऱ्याने साडेसहाशे. सरासरी पुन्हा सहाशेच झाली. चव्वेचाळीस द्या, असे त्याने लिहिले. पाचशे रुपयांसाठी मी वाद घातला नाही.

पैसे आंटींच्या खात्यात टाकले. मुलाच्या सांगण्यावरून त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पावती लिहून दिली: एक टेबल-गिटार, पाय तीन, पेटीसह. सोबत साहेबांच्या दोन वह्या आणि जड पोलादी कांडी अशीच दिली. ती कांडी वडिलांच्या कांडीपेक्षा जवळपास दुप्पट वजनाची आहे आणि माझे मनगट अजून तिला सरावलेले नाही. टर्नर भाऊंनी जुन्या पायाला आटे जुळवून नळीपासून चौथा पाय तयार केला, त्याचे सोळाशेच घेतले. चेंजर धुतल्यावर पाचवी तार एका सेंटाच्या आत परत येऊ लागली. आता रोज रात्री अर्धा तास मी फक्त सा-ग-प चे सा-म-ध करते आणि डावा घोटा पहिल्या पेडलवरून दुसऱ्यावर कलता करायला शिकते. तिसऱ्या पडद्यावरची बंद जागा आताच सलू लागली आहे, पण तिच्यापाशी पोहोचायला मला अजून वर्ष-दोन वर्षे लागतील.

जुलैत आंटींचा फोन आला. माळा साफ करताना मच्छरदाणीच्या दांड्यांमध्ये एक दांडी वेगळी निघाली होती, चकचकीत, टोकाला आटे असलेली. गेली चार वर्षे त्या मच्छरदाणीचा एक कोपरा तिनेच उचलून धरला होता. अमळनेरला येणाऱ्या एका ओळखीच्या मुलाबरोबर त्यांनी ती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवली, आणि मी हिशेबात पायाचे कापलेले दोन हजार त्याच संध्याकाळी त्यांच्या खात्यात परत टाकले.